बाबांचा बुके

बाबा रिटायर झाले त्या दिवशी घरी सात शाली, चार नारळ आणि एक बुके आला. शाली आईने कपाटात टाकल्या, नारळ शेजारी वाटले. बुके मात्र बाबांनी स्वतः उलगडला. वरचा चकचकीत कागद काढला, दांडे कात्रीने तिरके कापले, पितळी तांब्यात पाणी भरलं आणि फुलं त्यात घालून तांब्या टीपॉयवर ठेवला. तेहेतीस वर्षं शिफ्ट ड्युटी केलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी फुलं दिली होती.

बुकेत गुलाब होते, जरबेरा होता आणि मधोमध तीन मोठी गुलाबी फुलं. पाकळ्यांवर ठिपके, आत लांब पुंकेसर, त्यांच्या टोकांना तपकिरी-केशरी भुकटी. त्या भुकटीचा डाग बाबांच्या पांढऱ्या शर्टाला लागला. तो अजून गेलेला नाही.

मनी टीपॉयवर चढली. फुलांना डोकं घासलं, तांब्यातलं पाणी दोन-चार वेळा चाटलं, मग तिथेच बसून अंग चाटत राहिली. बाबांनी फोटो काढला. शाल पांघरलेले ते, बाजूला फुलं, आणि फुलांत मनीचं तोंड. तो त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी झाला.

रात्री मनीला दोन वेळा उलटी झाली. मला वाटलं केसांचा गोळा असेल. आजी म्हणाली, "गवत खाल्लं असन. पोट साफ करते ते." सकाळी उलट्या थांबल्या होत्या. मनी सोफ्याखाली झोपली होती. मी निश्चिंत होऊन ऑफिसच्या कॉलला बसले. तिसऱ्या दिवशी तिने मासळीकडेही पाहिलं नाही, तेव्हा तिला घेऊन नागपूर गाठलं. आमच्या शहापूरपासून पन्नासेक किलोमीटर. डॉक्टरांनी रक्त तपासलं, रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "घरात लिली आहे का?"

मी म्हटलं, "लिली म्हणजे?"

त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. गुलाबी पाकळ्या, ठिपके, केशरी भुकटी.

चौथ्या दिवशी रात्री मनी गेली. तिला ओढणीत गुंडाळून घरी आणलं आणि मागच्या सांदवाडीत कण्हेरीजवळ पुरलं. घरच्यांना मी सांगितलं, "किडन्या फेल झाल्या." ते खरंच होतं. फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी सहा महिने कुणाला सांगितलं नाही. या लेखातला प्रश्न त्या सहा महिन्यांत तयार झाला.

"तुला कुठं माहीत होतं?"

जे झालं ते ज्यांना थोडंफार कळलं, त्या दोन-तीन मैत्रिणी एकच वाक्य बोलल्या: तुला कुठं माहीत होतं? हे वाक्य प्रेमाने बोललं जातं, म्हणून आपण ते तपासत नाही. मी तपासायला घेतलं आणि ते हातात तुटत गेलं.

आधी जे माहीत नव्हतं ते सांगते. 'लिलियम' कुळातल्या खऱ्या लिली, म्हणजे बुकेत येणाऱ्या एशियाटिक, ओरिएंटल, स्टारगेझर वगैरे, आणि त्यांच्यासारखीच दिसणारी डे-लिली मांजरासाठी जीवघेणी असते. पान, पाकळी, दांडा, परागकण, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा. मांजराने फूल खावंच लागतं असं नाही. भुकटी अंगावर पडते, मांजर अंग चाटतं, तेवढं पुरतं. काही तासांत उलट्या होतात. मग उलट्या थांबतात आणि मांजर बरं झालंय असं वाटतं. पण त्याच वेळी मूत्रपिंडाच्या आतल्या पेशी मरत असतात. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड निकामी होतं. हेच फूल कुत्र्याने खाल्लं तर पोट बिघडतं, मूत्रपिंडाला असं काही होत नाही. नेमकं कोणतं द्रव्य हे करतं, ते शास्त्रज्ञांना अजून वेगळं काढून दाखवता आलेलं नाही. उतारा नाही. पण पहिल्या अठरा तासांच्या आत शिरेतून सलाईन सुरू झालं, तर बहुतेक मांजरं वाचतात.

अठरा तास. मी त्या अठरा तासांत कॉलवर होते.

यात एक मेख नावाची आहे. आपल्याकडे 'लिली' म्हटलं की फुलवाल्याकडच्या पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या डोळ्यांसमोर येतात, गजऱ्यात आणि हारात ओवतात त्या. ती स्पायडर लिली, निराळ्याच कुळातली. कुंडीतली पीस लिली आणखी निराळी. ती चावली तर तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंड जात नाही. पावसात उगवणारी रेन लिली चौथीच. चौघींचं नाव एक आणि स्वभाव चार. म्हणजे कुणी मला आधी सांगितलं असतं की 'लिली मांजराला चालत नाही', तरी मी म्हटलं असतं, आमच्याकडे तर देवाला नेहमीच असते.

तर मला माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत नसण्याचे दोन प्रकार असतात. एक, जे कळायला काही मार्गच नव्हता. दुसरं, जे हातातल्या फोनवर तीन शब्द टाकले असते तर कळलं असतं. मनी आणली तेव्हा मी त्याच फोनवर मांजरांची नावं शोधली होती. कोणतं खाणं स्वस्त पडतं, वाळूचा ट्रे कुठे ठेवावा, मांजर रात्री का ओरडतं, सगळं शोधलं होतं. मला ज्याचा त्रास होणार होता ते सगळं मी शोधलं. तिला ज्याचा त्रास होणार होता ते शोधायचं सुचलंच नाही. हे अज्ञान नव्हे. लक्ष कुणाकडे आहे, याचा तो हिशेब आहे.

"जनावराले सारं समजते"

आजीचं मत वेगळं होतं. ती म्हणाली, "जनावराले सारं समजते. कोनी शिकवाले जात नाही त्याले, का खावाचं अन् का नाही."

मला हे वाक्य उडवून लावता येत नाही, कारण त्यात तथ्य आहे. आमच्या सांदवाडीत कण्हेर माझ्या जन्माआधीपासून आहे. लाल फुलांची. मुळापासून पानापर्यंत विषारी, थेट हृदयाचे ठोके बिघडवणारी. गल्लीतल्या शेळ्या रोज तिच्या बाजूने जातात, तोंड लावत नाहीत. महामार्गांच्या मधल्या पट्ट्यात कण्हेर लावतात त्याचंही एक कारण हेच, की गुरं ती सहसा खात नाहीत. पण शेळीचं हे शहाणपण फुकट आलेलं नाही. पान कडू लागतं. करडू आईच्या मागे फिरून, ती काय खाते ते बघून शिकतं. चरायला दहा चवी असतात, म्हणून एक सोडता येते.

आता मनीकडे बघा. मांजर मुळात मांसाहारी. झाडपाल्यातली अनेक द्रव्यं मोडून शरीराबाहेर टाकणारी एक यंत्रणा आपल्या यकृतात असते. मांजराच्या यकृतात ती फार लंगडी आहे, कारण त्याच्या पूर्वजांना पिढ्यान् पिढ्या तिची गरजच पडली नाही. म्हणून आपल्याला तापावर चालणारी पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आणि लिलीची भुकटी तर मनीने खाल्लीच नव्हती. तिने स्वतःला स्वच्छ केलं होतं. मांजर जे सगळ्यात शहाणपणाचं काम करतं, त्यातूनच विष आत गेलं. हॉलंडमधल्या एखाद्या काचघरात वाढलेल्या जातीचं फूल शहापूरच्या टीपॉयवर येईल, याची सूचना कुठल्याही मांजराच्या रक्तात नसते.

आणि मनीला शिकवायला आई नव्हती. ती मला महामार्गाकडेच्या एका धाब्यामागे सापडली. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आता ५३. दिवसरात्र ट्रक. दोन पिल्लं होती. दुसरं माझ्या डोळ्यांदेखत चाकाखाली गेलं. म्हणून घरी आणल्यावर मी दार लावलं. दोन वर्षं तिला अंगणात एकटं सोडलं नाही. खिडक्यांना जाळी बसवली. मला वाटत होतं, मी तिला वाचवलं.

वाचवलं होतंच. पण दार लावताना मी तिच्याकडून काय काढून घेतलं ते मोजलं नव्हतं. बाहेर तिला हरळी होती, चघळून उलटी काढायला. बाहेर नको ते सोडून पुढे जायची मोकळीक होती. आत हिरवं म्हणून जे होतं ते सगळं मी आणलेलं. मनीप्लांट (त्यावरून घरात खूप विनोद व्हायचे), डिफेनबेकिया, कोपऱ्यात सागो पाम. तिच्या जगातली प्रत्येक वस्तू माझ्या निवडीतून आली होती. ज्याच्या जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्याने निवडलेली असते, त्याच्या उपजत शहाणपणावर भरवसा टाकणं म्हणजे आपलं काम त्याच्या गळ्यात बांधणं.

लाखोरीचं उदाहरण

हे मला पुस्तकातून नाही, ताटातून समजलं.

भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. पावसाळा सरता सरता, उभ्या धानाच्या बांधीतच लाखोरीचं बी फेकतात. लाखोळी, लाख, हिंदीत खेसारी. नांगरट नाही, पाणी नाही. धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर पीक येतं. तिची कोवळी भाजी, तिच्या डाळीचे वडे आमच्याकडे आवडीने खातात. आणि हीच ती डाळ, जिच्यातल्या एका द्रव्याने माणसाचे पाय कायमचे लुळे होतात. त्या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली; महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली.

मग आमची आजी आयुष्यभर लाखोरी खाऊन चालते कशी? कारण ती डाळ रात्रभर भिजवून पाणी फेकते. कारण ताटात भात असतो, भाजी असते, दुसरी डाळ असते. लॅथिरिझम झाला तो महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून फक्त लाखोरीच खावी लागली त्यांना: दुष्काळातल्या माणसांना, आणि मध्य भारतात ज्यांना मजुरीच लाखेच्या रूपात मिळायची अशा वेठबिगारांना. डाळ तीच, विष तेच. ज्यांना दुसरं काही निवडता येत होतं त्यांच्यासाठी ती वड्याची डाळ होती, आणि ज्यांना निवडता येत नव्हतं त्यांच्यासाठी ती कुबडी.

विष किती, हा प्रश्न रसायनशास्त्राचा. पण ते कुणाला बाधणार, हे बऱ्याचदा दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं: कुणाकडे पर्याय आहे आणि पर्याय कुणी काढून घेतला. मालकाने मजुराला लाख दिली तेव्हा 'त्याने ती खाल्ली' म्हणणं खरं आहे आणि अपुरंही आहे. 'मांजराने लिली चाटली' हे वाक्य तसंच आहे.

जो दार लावतो तो

इथे एक साधा आक्षेप येतो. जगात रोज लाखो मांजरं मरतात, काय काय खाऊन. त्या सगळ्यांचा भार कुणाच्या माथी? आणि जर नसेल, तर मनीचाच माझ्या माथी का?

क्लेअर पामर या तत्त्वज्ञ बाईंनी २०१० मध्ये प्राण्यांविषयीच्या नीतीवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रानातल्या प्राण्याला आपण इजा करू नये, पण त्याला प्रत्येक संकटातून सोडवणं हे आपलं कर्तव्य ठरत नाही. पाळीव प्राण्याचं तसं नाही. त्याला आपल्यावर अवलंबून आपणच केलेलं असतं. म्हणून त्याला मदत करणं ही दया उरत नाही, ते देणं होतं.

आपल्या मातीत याहून जुनी गोष्ट आहे. लीळाचरित्रात चक्रधर स्वामींची सशाची लीळा आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा जीव घेऊन येतो आणि स्वामींच्या मांडीखाली शिरतो. शिकारी तो मागतात. स्वामी देत नाहीत, कारण तो आसऱ्याला आला आहे. शाळेत ही गोष्ट आपण दयेचा धडा म्हणून वाचतो. आता वाचताना मला त्यात वेगळंच दिसतं. स्वामींनी सशाला बोलावलं नव्हतं. तरी, मांडीखाली आला या एवढ्या कारणाने तो त्यांचा झाला. मनी तर माझ्याकडे आलीही नव्हती. मी तिला उचलून आणलं होतं.

कायदाही जवळपास हेच विचारतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ३ सांगतं की ज्याच्या ताब्यात किंवा देखभालीत प्राणी आहे, त्याने त्याच्या भल्यासाठी सगळे वाजवी उपाय करणं हे त्याचं कर्तव्य आहे. प्रेम आहे का, असं कायदा विचारत नाही. ताबा कुणाचा आहे, एवढंच विचारतो.

मला वाटतं हे बरोबर आहे. आमच्या घरात मनीवर सगळ्यात जास्त प्रेम बाबांचं होतं. शिफ्टवरून आले की आधी तिला हाक. पण दार मी लावलं होतं. जाणून घेण्याची जबाबदारी प्रेमाच्या मापाने वाढत नाही, ताब्याच्या मापाने वाढते. ज्या क्षणी आपण एखाद्या जीवाची निवड काढून घेतो, त्या क्षणापासून त्याला जे माहीत नाही ते माहीत करून घेणं हे आपलं काम होतं.

याने आक्षेपाचंही उत्तर मिळतं. आमच्या भिंतीवरून एक तांबूस बोका रोज येतो. तो आमचा नाही, कुणाचाच नाही. कण्हेर, नाली, महामार्ग, सगळं त्याचं तो बघतो. त्याच्यासाठी मी गाव निर्धोक करू शकत नाही. करायला गेले तर आधी त्यालाच कोंडावं लागेल. पण माझ्या हाताने त्याच्या वाटेत नवं विष टाकायचं नाही, इतकं त्याचं माझ्यावर आहे. उंदराचं औषध उघड्यावर ठेवायचं नाही. सुकलेला बुके कचऱ्याच्या ढिगावर फेकायचा नाही. बोक्याचं माझ्यावर देणं थोडं आहे, मनीचं जवळजवळ पूर्ण होतं. दोघांच्या मधे दाराएवढं अंतर आहे.

कण्हेरीचं काय करायचं?

मनीला पुरलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी कोयता घेऊन कण्हेर तोडायला गेले होते. कुणावर तरी राग काढायचा होता. आजीने हात धरला. "तिनं का केलं वं? तिचं नाव साऱ्याइले माहीत आहे."

यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्या जुन्या घरांभोवतीची कितीतरी झाडं विषारी आहेत. कण्हेर देवाला, रुई मारुतीला, धोतरा महादेवाला. कुंपणाला एरंड, बांधावर गुंज. पण ती सगळी बाहेर असतात, कुंपणाला, देवळापाशी, बांधावर. आणि पोर चालायला लागलं की त्याला पहिल्यांदा हेच सांगतात: ते तोंडात घालू नको, हात धू. विष होतं, पण त्याची जागा ठरलेली होती आणि नाव सगळ्यांच्या तोंडी होतं.

आता नर्सरीतून जी झाडं थेट हॉलमध्ये येतात, त्यांच्याबरोबर फक्त त्यांचं दिसणं येतं. डिफेनबेकियाचं पान चावलं तर त्यातले सुईसारखे बारीक स्फटिक तोंडात घुसतात. मनीप्लांटचं तेच, जरा कमी. सागो पाम हा पाम नाहीच. त्याचं बी तर मांजर-कुत्र्याच्या यकृताला फार घातक. ही झाडं वाईट नाहीत. त्यांची ओळख घरात कुणालाच नाही, इतकंच. ओळखीचं विष कुंपणाला आणि अनोळखी विष उशाशी, अशी आपण घरं सजवली आहेत.

कण्हेर मी ठेवली. सागो पाम एका मांजर-कुत्रं नसलेल्या घरी दिला, कारण सांगून दिला. डिफेनबेकिया गच्चीवर गेला, मनीप्लांट उंच टांगला. खऱ्या लिलीला मात्र घरात जागा नाही. उंच फडताळावरही नाही, कारण मांजर चढतं आणि भुकटी खाली पडते.

पण नुसतं काढून टाकलं की झालं, असंही नाही. सगळं काढलेलं घर मांजरासाठी सुरक्षित कोठडी होतं. दार लावलंय त्याचं भाडं आपण द्यायचं असतं. बाहेर जे मिळालं असतं, त्यातलं जमेल ते आत आणायचं. आमच्याकडे आता फुटक्या कुंडीत गहू पेरलेला असतो. आठ दिवसांत वीतभर येतो. खाऊन झाला की दुसरी कुंडी.

आणि एक गोष्ट, जी कुणी मला त्या रात्री सांगायला हवी होती. मांजराने नको ते चाटलं असं वाटलं, तर लक्षणांची वाट बघू नका. उलटी थांबली म्हणजे बरं झालं असं समजू नका. मीठपाणी, तेल, दूध पाजून घरीच उलटी काढायला जाऊ नका. अंगावरची भुकटी ओल्या फडक्याने पुसा, झाडाचा फोटो घ्या आणि निघा. रात्र असली तरी.

अर्धं खरं

आता ते सहा महिने.

मी बाबांना का सांगितलं नाही? मी स्वतःला म्हणत होते, त्यांच्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली फुलं, त्यांनी स्वतःच्या हाताने तांब्यात ठेवलेली. सांगून मनी परत येणार होती का? त्यांचा डीपी बघितला की माझ्या पोटात कालवायचं, आणि मी गप्प बसायचे. मला वाटायचं ही माझी दया आहे.

मग आईने शेजारून एक पिल्लू आणलं. काळं-पांढरं, मुठीएवढं. त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "याच्यासंग बी फोटो काढू. फुलं आणतो." मला बोलावंच लागलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ शर्टाच्या बाहीकडे बघत राहिले. मला वाटलं रडतील. ते रागावले.

"सहा महिने तू बोलली नाहीस? अन् मी मधात तीन जणाइले बुके देल्ले. निरोप-समारंभात. तसेच, मोठ्या फुलांचे. त्याइच्या घरी मांजर असन तं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बाबांना दुःखापासून वाचवत होते आणि तेवढ्या काळात ते तीच फुलं आणखी तीन घरांत पोचवत होते. त्यांना माहीत नव्हतं, कारण मी त्यांना माहीत होऊ दिलं नाही. मनीच्या वेळी मी शोधलं नव्हतं. या वेळी मला माहीत होतं आणि मी दार लावून ठेवलं होतं. त्यांच्याकडूनही मी निवड काढून घेतली होती, त्यांच्याच भल्यासाठी. कोंडणारे सगळे हेच म्हणतात.

त्यांनी तिथल्या तिथे तिघांना फोन लावले. "ऐक ना, तुह्या घरी मांजर आहे का?" पहिल्याकडे नव्हतं. दुसऱ्याकडे कुत्रं होतं, ते जोरात भुंकतानाही ऐकू आलं. तिसऱ्याला आधी काही कळेच ना. दोन वेळा सांगावं लागलं. त्याच्याकडे होतं, पण तो बुके पहिल्याच दिवशी त्याच्या बायकोने ऑफिसातल्या कुणाला तरी देऊन टाकला होता. बाबांनी त्या कुणाचा तरी नंबर मागितला.

फोन ठेवल्यावर म्हणाले, "मनीचं मले आधी सांगतीस तं मी रडलो असतो. रडाले का झालं?"

डीपी त्यांनी बदललेला नाही. मला वाटलं होतं बदलतील. कुणी विचारलं, फोटो झकास आहे, मांजर कसं आहे आता, तर ते सगळं सांगतात. फुलाचं नाव, भुकटी, अठरा तास. लग्नाकार्यात कुणाच्या हातात बुके दिसला की जवळ जाऊन विचारतात, घरी मांजर आहे का? लोकांना वाटतं, रिटायर झाल्यावर माणूस जरा बिघडला.

परवा एकाने मात्र म्हटलं, आहे. बाबांनी बुकेतली तीन फुलं तिथेच उपसून काढली, खिशातल्या पिशवीत बांधली आणि घरी येऊन मागे खड्डा करून पुरली. मग दोनदा साबणाने हात धुतले, शर्ट बदलला आणि मगच पिल्लाला उचललं.